ताकदीला घातलेला लगाम

सुपरहिरो लोकांना इतके का आवडतात, असे विचारले की बहुतेक जण एकच कारण सांगतात. माणूस दुबळा असतो, म्हणून त्याला ताकदीची स्वप्ने पडतात. वर्गात मार खाणारा मुलगा आणि साहेबाची बोलणी ऐकून घेणारा कारकून घटकाभर स्वतःला आकाशात उडताना, भिंती फोडताना पाहतात आणि सुखावतात. हे स्पष्टीकरण खोटे नाही. पण ते इतके पटकन पटते की त्यापुढे कोणी विचारच करत नाही. ताकद हेच खरे आकर्षण असते तर कॉमिकमधले खलनायकही तितकेच लाडके व्हायला हवे होते, कारण त्यांच्यातले कितीतरी जण नायकाहून बलवान किंवा बुद्धिमान असतात. तरी दप्तरावर आणि टी-शर्टवर चित्र असते ते बहुधा नायकाचे. मला वाटते, आपल्याला भुरळ पडते ती ताकदीची नव्हे, ताकदीला घातलेल्या लगामाची. जो आपल्याला चिरडू शकतो, पण चिरडणार नाही, अशी खात्री ज्याच्याबद्दल वाटते, असा बलवान माणूस प्रत्यक्षात क्वचितच भेटतो. सुपरहिरोची गोष्ट ही ती खात्री पटवून देण्याची कला आहे.

या म्हणण्याला पहिला आधार मिळतो तो सुपरमॅनच्या जन्मकथेतच. जेरी सीगल आणि जो शुस्टर ही अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरातली, स्थलांतरित ज्यू कुटुंबांतली दोन मुले. जानेवारी १९३३ मध्ये त्यांनी स्वतःच काढलेल्या एका छोट्या नियतकालिकात सुपरमॅन नावाच्या माणसाची गोष्ट छापली. तो सुपरमॅन खलनायक होता. मंदीच्या काळात फुकट पाव मिळवण्यासाठी रांगेत उभ्या असलेल्या एका कंगाल माणसाला एक शास्त्रज्ञ घरी नेतो, त्याच्यावर प्रयोग करतो, आणि दुसऱ्याच्या मनातले ओळखण्याची शक्ती मिळताच तो माणूस जगावर राज्य करायला निघतो. शेवटी शक्ती ओसरते आणि तो पुन्हा पावाच्या रांगेत येतो. दुबळ्याच्या ताकदीच्या स्वप्नाची याहून नेमकी गोष्ट शोधून सापडणार नाही. पण ही गोष्ट कोणाच्याच लक्षात राहिली नाही. पुढे त्याच दोघांनी तेच नाव ठेवून शक्तीची दिशा बदलली, आणि १९३८ मध्ये ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात नवा सुपरमॅन अवतरला. तेव्हा तो उडतही नव्हता, फक्त लांबलचक उड्या मारायचा. त्या पहिल्याच गोष्टीत तो एका निरपराध बाईचा मृत्युदंड टाळतो, बायकोला मारहाण करणाऱ्या नवऱ्याला धडा शिकवतो आणि एका भ्रष्ट सिनेटरच्या मागे लागतो. पुढच्या अंकांत कामगारांच्या जिवाची पर्वा न करणारा खाणमालक त्याच्या तावडीत सापडतो. ताकद आधीच्या गोष्टीतही होती, पण ती कोणाच्या बाजूने उभी राहते हे बदलल्यावर एका वर्षाच्या आत सुपरमॅन अमेरिकाभर पोचला.

सीगल यांचे वडील १९३२ मध्ये त्यांच्या कपड्यांच्या दुकानात झालेल्या चोरीच्या प्रसंगी मरण पावले होते. बंदुकीची गोळी ज्याला लागत नाही असा नायक मुलाला का सुचला असेल, याचे उत्तर अनेकांनी या मृत्यूत शोधले आहे. कल्पना मनाला भिडते, पण तिच्यावर फार भार टाकू नये. वडील गेल्यानंतर काही महिन्यांनी त्या मुलाची जी गोष्ट छापून आली, तिच्यात रक्षणकर्ता कुठेच नाही. शिवाय लेखकाच्या दुःखाने गोष्ट जन्मते हे मान्य केले, तरी त्या दुःखाशी काही संबंध नसलेली लाखो मुले ती दहा सेंट देऊन का विकत घेतात, हे कोडे उरतेच.

त्याचे उत्तर मानवी मनाच्या फार खालच्या थरात असावे, असे एका जपानी प्रयोगातून वाटते. यासुहिरो कानाकोगी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ‘नेचर ह्यूमन बिहेव्हियर’ या नियतकालिकात तो प्रसिद्ध केला. सहा महिन्यांच्या, अजून एकही शब्द न बोलणाऱ्या बाळांना पडद्यावर साधे भौमितिक आकार दाखवले. एक आकार दुसऱ्याचा पाठलाग करतो, त्याला धडका देतो. तिसरा आकार कधी मध्ये पडून धडका अडवतो, तर कधी नुसता पळ काढतो. मग दोन्ही प्रकारचे आकार बाळांसमोर खरी खेळणी म्हणून ठेवले, तेव्हा बाळांनी मध्ये पडणाऱ्याकडे हात नेला. ना चेहरा, ना संवाद, ना रंगीत पोशाख, तरीही दुबळ्याच्या आणि हल्लेखोराच्या मध्ये उभा राहणारा कोण, हे त्यांना कळले आणि तो त्यांना आवडला. या वयात संस्कृतीने शिकवलेले फारसे काही नसते. सुपरहिरोच्या गोष्टीचा गाभा नेमका हाच आहे. बाकीचा डोलारा नंतर त्याच्याभोवती उभारलेला.

पण मध्ये पडणाऱ्याकडेही ताकद लागते, आणि ताकदीची माणसाला रास्त भीती असते. आज माझ्यासाठी लढणारा उद्या माझ्यावर उलटणार नाही कशावरून? राजे, सरदार, गल्लीतले दादा, सगळ्यांच्या बाबतीत हा प्रश्न पडतो आणि इतिहासात त्याचे उत्तर बहुधा वाईटच मिळाले आहे. सुपरहिरोच्या गोष्टींनी हळूहळू जे नियम घडवले, ते सगळे मला या एका प्रश्नाला दिलेली उत्तरे वाटतात. फेब्रुवारी १९४० मध्ये ‘लुक’ या अमेरिकी नियतकालिकाने सीगल-शुस्टर यांच्याकडून दोन पानांची एक चित्रकथा करून घेतली. सुपरमॅनने युद्ध कसे संपवले असते, हा तिचा विषय. अमेरिका अजून युद्धात उतरलेली नव्हती, आणि कागदावर काहीही करायला लेखक मोकळे होते. सुपरमॅन हिटलरला आणि स्टॅलिनला मानगुटीला धरून उचलतो, आणि जीनिव्हाला राष्ट्रसंघाच्या न्यायासनापुढे नेऊन उभे करतो. ज्यांच्या जिवावर नाझी उठले होते त्या समाजातल्या दोन तरुणांनी कल्पनेतसुद्धा सूड नव्हे, खटला मागितला. ‘दास श्वार्त्से कोर’ या नाझींच्या एसएस संघटनेच्या वृत्तपत्राला ही गोष्ट इतकी झोंबली की त्याने सीगल यांच्यावर त्यांच्या ज्यू असण्यावरून घाणेरडा हल्ला चढवला. सुपरहिरो म्हणजे फॅसिझमची बालआवृत्ती, असा आरोप पुढे अनेक विचारवंतांनी केला. त्यांनी ही दोन पाने डोळ्यांसमोर ठेवायला हवीत. फॅसिझममध्ये बलवानाची इच्छा हाच कायदा असतो. इथे सर्वांत बलवान माणूस आरोपींना कोर्टात पोचवून बाजूला होतो.

बॅटमॅनची सुरुवात मात्र अशी नव्हती, आणि हे लपवण्यात अर्थ नाही. १९३९ मध्ये बॉब केन आणि बिल फिंगर यांनी तो निर्माण केला तेव्हा सुरुवातीच्या काही गोष्टींत तो बंदूक बाळगायचा, आणि त्याच्या हातून माणसे मरायचीही. १९४० च्या सुमारास संपादकांनी ते बंद करायला लावले. पालकांच्या नाराजीची भीती हे त्यामागचे व्यावहारिक कारण होते, आणि म्हणून कोणी म्हणेल की लगामाचे हे तत्त्व म्हणजे निव्वळ धंद्याची खबरदारी. पण धंद्याची खबरदारी वाचकांच्या मनाबद्दलच काहीतरी सांगत असते. शिवाय ती भीती सरल्यावरही नियम टिकला. आशयावर बंधने घालणारी कॉमिक्स कोडची व्यवस्था २०११ पर्यंत पूर्णपणे मोडीत निघाली. आज बॅटमॅनच्या गोष्टींत रक्त, वेड, क्रौर्य सगळे असते, पण त्याने जीव न घेणे ही त्याची ओळखच होऊन बसली आहे. २०१३ च्या ‘मॅन ऑफ स्टील’ चित्रपटात सुपरमॅन खलनायक झॉडची मान मोडतो, तेव्हा जगभरच्या चाहत्यांत केवढा वाद पेटला! इमारती कोसळत असताना, शहर उद्ध्वस्त होत असताना प्रेक्षक पडद्याकडे बघत राहिले होते. खटकला तो एक मृत्यू, कारण तिथे नायकाने स्वतःला घालून घेतलेली मर्यादा ओलांडली होती. केवळ नेत्रदीपक दृश्यांसाठी लोक हे चित्रपट बघतात असे म्हणणाऱ्यांकडे या वादाचे स्पष्टीकरण नाही.

मुखवट्याचाही अर्थ मला असाच लागतो. ली फॉक यांनी १९३६ मध्ये निर्माण केलेला आणि आपल्याकडे इंद्रजाल कॉमिक्समधून वेताळ म्हणून घरोघरी पोचलेला फँटम घ्या किंवा चष्मा लावून वृत्तपत्रात नोकरी करणारा क्लार्क केंट घ्या. चांगले काम करणारा आपले नाव लपवतो. शत्रूंपासून कुटुंबाला वाचवण्यासाठी, असे कारण गोष्टीत दिलेले असते. पण वाचकाच्या मनावर मुखवट्याचा परिणाम वेगळाच होतो. येल विद्यापीठातले जॉर्ज न्यूमन आणि डेलियन केन यांनी २०१४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एखाद्या तरुणीवर छाप पाडण्यासाठी ती काम करते त्या बेघरांच्या निवाऱ्यात सेवा करणारा माणूस, आणि त्याच हेतूने ती काम करते त्या कॉफीच्या दुकानात राबणारा माणूस, अशी दोन वर्णने लोकांना वाचायला दिली. खरे तर पहिल्याच्या हातून बेघरांचे काही भले झाले होते. तरी लोकांनी त्यालाच नीतीच्या दृष्टीने कमी लेखले. परोपकारात स्वार्थाचा वास आला की आपल्याला तो परोपकार नसण्याहूनही वाईट वाटतो. आपण इतके संशयी असू, तर जगातल्या सर्वांत बलवान माणसाच्या हेतूबद्दल आपली खात्री कशाने पटणार? त्याने श्रेयच न घेण्याने. सुपरमॅनने केलेल्या कामाचे कौतुक क्लार्क केंटच्या वाट्याला कधी येत नाही. उलट त्याच्याच वृत्तपत्रातली लुइस लेन त्याला भित्रा समजते. दूरदर्शनवर १९९७ मध्ये सुरू झालेल्या ‘शक्तिमान’मधल्या नायकाने घेतलेल्या गंगाधरच्या रूपाचे पुढे आलेले दात आणि बावळट वागणे हेही त्याच परंपरेतले. आपल्याला तिथे जो आनंद होतो, तो या माणसाला मोबदला नको आहे याचा पुरावा दर भागात मिळत राहण्याचा असतो.

नायकाच्या आयुष्यात आधीच घडलेली हानीही त्याच कामाची. बॅटमॅनचे आईवडील त्याच्यासमोर मारले जातात. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांचा १९६२ चा स्पायडरमॅन अधिक बोलका आहे, कारण शक्ती मिळाल्यावर तो आधी पैसे कमवायला निघतो, एका चोराला सहज अडवता येत असताना जाऊ देतो, आणि तोच चोर पुढे त्याच्या काकांचा खून करतो. लगाम नसलेल्या ताकदीची किंमत त्याने स्वतःच्या घरात मोजलेली असते. म्हणून त्याच्यावर विश्वास बसतो.

या सगळ्या निर्मात्यांत मानसशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतलेला एक माणूस होता, आणि त्याला हे तत्त्व बहुधा इतरांपेक्षा आधी उमगले होते. विल्यम मोल्टन मार्स्टन यांनी १९२१ मध्ये हार्वर्डमधून मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. खोटे बोलताना माणसाच्या रक्तदाबात काय फरक पडतो, यावर त्यांनी केलेले काम पुढे लाय डिटेक्टरच्या पायाभूत कल्पनांपैकी एक ठरले. १९४१ मध्ये त्यांनी वंडर वुमन उभी केली. या नायिकेच्या अंगात पुरुष नायकांच्या तोडीची ताकद आहे, पण तिचे खास हत्यार आहे एक दोर. त्यात सापडलेल्याला तिचे ऐकावेच लागते, खरे बोलावेच लागते. १९४३ मध्ये ‘अमेरिकन स्कॉलर’मध्ये लिहिलेल्या लेखात मार्स्टन यांनी कॉमिकमधल्या रक्त गोठवणाऱ्या पुरुषीपणावर टीका केली, आणि मायेची जोड नसेल तर ताकद अपुरी, अशी भूमिका मांडली. स्त्रियांच्या स्वभावाबद्दलची त्यांची काही मते आज पटणारी नाहीत. पण वंडर वुमन ऐंशी वर्षांहून अधिक काळ टिकली आहे, ती त्यांच्या या अंदाजामुळेच असे मला वाटते.

आता सर्वांत गंभीर आक्षेपाकडे येऊ. फ्रेडरिक वर्थम हे मानसोपचारतज्ज्ञ काही गल्लाभरू नीतिरक्षक नव्हते. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये कृष्णवर्णीयांसाठी त्यांनी १९४६ मध्ये अत्यल्प दरात चालणारा दवाखाना काढला होता, आणि शाळांतल्या वर्णभेदाविरुद्धच्या न्यायालयीन लढाईत त्यांच्या कामाचा उपयोग झाला. १९५४ मध्ये त्यांनी कॉमिक्सवर घणाघाती पुस्तक लिहिले आणि सिनेटच्या उपसमितीपुढे साक्ष दिली. इतरांना वारंवार शिक्षा होताना पाहायची आणि आपण स्वतः सुरक्षित राहायचे, असा क्रूर आनंद सुपरमॅन मुलांना देतो, असे त्यांचे म्हणणे. पुढे कॅरल टिली या अभ्यासिकेने वर्थम यांची मूळ टिपणे तपासली आणि २०१२ मध्ये दाखवून दिले की मुलांची विधाने त्यांनी अनेक ठिकाणी बदलली, जोडली, गाळली होती. म्हणून त्यांचा पुरावा बाद झाला. पण पुरावा बाद झाल्याने शंका बाद होत नाही, आणि त्यांची शंका आजच्या काटेकोर अभ्यासांतही डोके वर काढते. सारा कॉइन यांच्या गटाने २०१७ मध्ये शाळेत जाण्याच्या वयाआधीच्या २४० मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुपरहिरोंमध्ये अधिक रमणारी मुले वर्षभराने अधिक आक्रमक आढळली. मार खाणाऱ्या सवंगड्याच्या बाजूने उभे राहण्यात मात्र ती इतरांच्या पुढे नव्हती. आपल्याकडे ‘शक्तिमान’च्या काळात, तो वाचवायला येईल या भरवशावर मुलांनी जिवावर बेतणारी कृत्ये केल्याच्या बातम्या आल्या होत्या, आणि मुलांना समजावून सांगण्याची पाळी मालिकेवर आली होती.

हे माझ्या म्हणण्याच्या विरोधात जाते का? मुलांना लगाम आवडत असेल तर ती ठोसा तेवढा का उचलतात? मला वाटते, आवडणे आणि आत्मसात करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाळालासुद्धा मध्ये पडणारा आवडतो, पण त्याने स्वतःला कशापासून आवरले हे समजायला त्याच्या मनात चाललेला विचार ताडावा लागतो, आणि चार वर्षांच्या मुलाला ते फारसे जमत नाही. ठोसा डोळ्यांना दिसतो, न मारलेला ठोसा दिसत नाही. वीस मिनिटांच्या कार्यक्रमात पंधरा मिनिटे हाणामारी दाखवून शेवटच्या मिनिटात दयेचे एक वाक्य टाकणाऱ्या निर्मात्यांना हे चांगले ठाऊक असते, आणि इथे मी त्यांना मुळीच माफ करणार नाही. लहानग्यांसाठी बनवलेल्या बऱ्याच सुपरहिरो मालिका आपल्याच परंपरेतला सर्वांत मौल्यवान भाग गाळून उरलेला चोथा विकतात.

इटालियन विचारवंत उम्बेर्तो एको यांचा आक्षेप वेगळा आणि फार मार्मिक आहे. १९६२ च्या निबंधात त्यांनी विचारले की ग्रह हलवू शकणारा हा माणूस भूक, शोषण, अन्यायी व्यवस्था यांना हात न लावता बँक लुटणाऱ्यांच्याच मागे का धावतो? त्यांच्या मते, अशा गोष्टी वाचकाला चालू व्यवस्था हीच योग्य आहे असे मानायला शिकवतात. १९५० नंतरच्या पुष्कळ कॉमिक्सबद्दल हे खरे आहे. पण परंपरेतच त्याला अपवाद आहेत. १९४६ मध्ये सुपरमॅनच्या नभोनाट्यात सोळा भागांची एक मालिका झाली, आणि तिच्यात कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेवर बेतलेली बुरखाधारी टोळी एका चिनी-अमेरिकी कुटुंबावर उठते. त्या काळी देशभरातल्या मुलांना रेडिओवरून वंशद्वेषाची हास्यास्पद बाजू दाखवणे ही लहान गोष्ट नव्हती. आणि सुपरमॅनने सगळ्या जगाची व्यवस्था स्वतःच्या मनाप्रमाणे बदलायला घेतली, तर आपण त्याच्यावर प्रेम करू का? ॲलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांच्या १९८६-८७ मधल्या ‘वॉचमेन’मध्ये एक नायक नेमके हेच करतो, जगाला वाचवण्यासाठी लाखोंचा बळी देतो, आणि वाचक हादरतो. २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘द बॉइज’ मालिकेतल्या होमलँडरकडे सुपरमॅनच्या बहुतेक सगळ्या शक्ती आहेत, त्याचे हसूही तसेच आहे, पण आत लगाम नाही, त्याच्यामागे त्याची प्रतिमा विकणारी कंपनी आहे. तो पडद्यावर आला की अंगावर काटा येतो. एको ज्याला मर्यादा म्हणतात तिच्यामुळेच नायक आपल्याला सहन होतो.

राहिला प्रश्न या आवडीने आपण काही चांगले वागतो का याचा. रॉबिन रोझेनबर्ग आणि स्टॅनफर्डमधले जेरेमी बेलेन्सन यांनी २०१३ मध्ये साठ जणांवर केलेल्या प्रयोगात काहींना आभासी शहरावरून स्वतः उडण्याचा अनुभव दिला, काहींना हेलिकॉप्टरमधून फिरवले. नंतर प्रयोग घेणाऱ्या व्यक्तीच्या हातून पेने सांडली, तेव्हा उडून आलेले लोक जास्त चटकन मदतीला धावले. ज्या सहा जणांनी मदतच केली नाही ते सगळे हेलिकॉप्टरवाले होते. उडणे आणि मदत करणे या दोन गोष्टींत मुळात काहीच नाते नाही, ते कॉमिक्सनी आपल्या मनात रुजवले असावे. प्रयोग लहान आहे, त्यावर मनोरे रचू नयेत. लीफ नेल्सन आणि मायकेल नॉर्टन यांना २००५ मध्ये मात्र एक उलटी बाजू दिसली. सर्वसाधारण सुपरहिरोचे गुण आठवायला सांगितले तर विद्यार्थी सेवाकार्यासाठी अधिक वेळ द्यायला तयार झाले, पण थेट सुपरमॅनचे वर्णन करायला सांगितले तर तयारी घटली. एका विशिष्ट, अप्राप्य व्यक्तीशी तुलना झाली की आपण खुजे ठरतो आणि हात आखडतो. याला पूरक असा रेचल व्हाइट आणि सहकाऱ्यांचा २०१७ चा अभ्यास आहे. चार आणि सहा वर्षांच्या १८० मुलांना दहा मिनिटांचे कंटाळवाणे काम दिले, शेजारी आयपॅडवरचा खेळ ठेवला. जी मुले बॅटमॅन बनून काम करत होती, आणि मध्येमध्ये ‘बॅटमॅन नीट काम करतोय ना?’ असे स्वतःला विचारत होती, ती सर्वांत जास्त वेळ टिकली. पण बॅटमॅनऐवजी बॉब द बिल्डर, डोरा किंवा रॅपुन्झेल निवडलेली मुलेही त्याच गटात होती. म्हणजे मुलांना मदत झाली ती ठोशाची नव्हे, उडण्याचीही नव्हे. त्या वेषात शिरून त्यांनी दहा मिनिटे समोरच्या मोहापासून स्वतःचा हात आवरून धरला होता.